ढोल थांबेपर्यंत हात सोडायचा नाही

माझा डीजे वाजायला लागला की विसरवाडीच्या फाट्यावरचे ट्रक हॉर्न बंद करून ऐकतात, आणि नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या उद्याची अंडी आजच घालून मोकळ्या होतात. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. पिकअपवर स्पीकरची भिंत रचून लग्नं वाजवण्यात माझे केस पिकले. त्यामुळे मांडवातली मारामारी मला आधीच कळते. पोरांनी बाह्या दुमडल्या तर घाबरू नये, उकाडा असतो. पण पोरगा आपला मोबाइल मित्राकडे सांभाळायला देतो ना, तेव्हा समजावं, आता कोणाचं तरी नाक जातंय.

त्या दुपारी एका लग्नात मोबाइल काढून दिला तो माझ्या सख्ख्या भाच्यानं.

भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे असा पळायचा, की कुत्रं भुंकायला तोंड उघडेपर्यंत हा पुढच्या गावात. मैदानी चाचणी तोंडावर आलेली. अशात मारामारीची केस अंगावर पडली की वर्दी गेलीच. पण त्याच्या पळण्याच्या रीलखाली नवरदेवाच्या गावच्या एका उंच पोरानं लिहिलं होतं, ‘अशानं तर बैल बी भरती होईल.’ आणि तो पोरगा समोरच नाचत होता.

मी गाडीवरून ओरडलो, "ए भाचा, काय करी ऱ्हायना रे?"

"मामा, तू गाणं वाजव. मन्हं जरा काम शे."

"अरे, पोलीस व्हायच्या आधीच पोलिसांच्या गाडीत बसशील!"

"बसेन. सगळं गाव हसलं मला."

तिथं दुखत होतं. हातात माइक होता, पण उपदेश केला असता तर दोघांनी एकी करून आधी मलाच हाणलं असतं. मी चालू गाणं तोडलं आणि ढोल आणि फुंकून वाजवायच्या पावरीचा नाचाचा फेर लावला.

आमच्याकडे या फेरात शेजाऱ्याच्या कमरेत हात घालून नाचतात. ढोल चालू असताना हात सोडला की नवरा-नवरीचा अपमान. ढोल ऐकताच नवरीची आत्या उठली. तिची पकड अशी, की बैलगाडीला ब्रेक लागावा. तिनं एका हातानं भाच्याला ओढलं, दुसऱ्या हातानं नेमक्या त्या पोराला.

"दोन्ही उंच शेतस. उभे राहा जोडीनं!"

बिचारीला भांडणाचा पत्ताच नव्हता. ज्याचं नाक फोडायचं, त्याच्याच कमरेत भाच्याचा हात! मग मी तो ढोल संपूच दिला नाही. दोघं गाडीपुढून गेले की त्यांचं बोलणं ऐकायला आवाज हळूच उतरवायचो.

"हात सोड, मग दाखवतो तुला!" भाचा गुरगुरला.

"तूच सोड आधी. आत्या बघी ऱ्हायनी!"

पुन्हा वळसा.

"बैल म्हणतोस? तू पळून दाखव ना!"

"पळालो ना बाप्पा मागल्या भरतीत. शेवटच्या फेरीत खालीच बसलो. घरचे अजून हसतात."

भाच्याचा पाय चुकला. मांडवाला पार वळसा घालून तो पुन्हा गाडीपुढं आला. मग म्हणाला, "सुरुवातीलाच जोर लावला असशील."

"लावला ना."

"येड्या, दम राखायचा असतो!"

पुढं पुढं तर भाचा त्याला श्वास कसा घ्यायचा ते ओरडून सांगायला लागला. म्हाताऱ्या घामाघूम, नवरदेवाचा फेटा नाकावर, मांडवाचे खांबही हळूहळू नाचायला लागलेले, मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटी माझ्या जनरेटरनंच हार मानली. ढोल बंद. सगळ्यांनी हात सोडले आणि जिथं होते तिथं बसले. ते दोघं मात्र तसेच, एकमेकांच्या कमरेत हात घालून उभे.

मला वाटलं, आता गेलं नाक! गाडीवरून उडी मारत ओरडलो, "अरे सोडा! ढोल थांबला!"

"थांब ना मामा," भाचा म्हणाला, "याले दम राखनं समजाडी ऱ्हायनू."

"आन तू हात काढू नको रे," तो पोरगा त्याला म्हणाला, "सोडला तर मी पडीन."