उरलेल्या डोळ्याची रायफल

आमच्या घरात नेम चांगला असलेला एकच माणूस होता, आणि त्याला जवळजवळ दिसत नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे वडील, नाना. फैजपूरजवळ आमची केळीची बाग. तरुणपणी नाना बारा बोअरच्या बंदुकीने बागेतली रानडुकरं पळवायचे आणि डुकरं आली नाहीत तर बांधावर रिकामे डबे मांडून ते पाडायचे. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा कधी नेला ते कोणाला कळलंच नाही. (नानांनाही नाही. त्यांना वाटलं, हल्ली दिवस लवकर मावळतो.) जळगावच्या डॉक्टरांनी डावा डोळा तपासला आणि मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "नळीतून बघितल्यासारखं दिसतं त्यांना. तेही फार दिवस नाही. वर्षभर धरा."

हलक्या आवाजात! अहो, नानांचे डोळे अधू होते, कान नव्हते.

"नयीतून ना?" खुर्चीवरून नाना म्हणाले. "मंग नेम धराले अजून काय लागतं?"

परतीच्या एस.टी.त त्यांनी जाहीर केलं, की डोळा मिटायच्या आत एकदा डबा पाडायचा. पण डॉक्टरांनी डोक्याला हिसका बसेल असं काहीही करायला मनाई केली होती, आणि आमची बारा बोअर उडाली की बैलाने ढुशी दिल्यासारखी खांद्यात बसायची. म्हणजे ती देऊन पॉइंट टू-टूची रायफल घ्यायला हवी. बारीक गोळी, धक्का नावाला.

"रायफल मी निवडतो!" मी छाती पुढे काढली. कॉलेजात मी दोन वर्षं एन.सी.सी. केलं होतं. (त्यात एकूण दहा गोळ्या झाडल्या होत्या. कुठे लागल्या याची चौकशी कोणी केली नाही, मीही नाही.)

धुळ्याला बंदुकांचं एक दुकान होतं. मालक म्हातारे, सगळे त्यांना आबा म्हणत. मी तीन खेपा घातल्या. लाकूड ठोकून पाहिलं, नळी उन्हात धरून आतून पाहिली, नळीच्या टोकावरची नेमाची माशी बोटाने चाचपली, आरशात स्वतःलाही एकदा पाहिलं. शेवटी दोनच रायफली उरल्या. एक साधी, बोल्टची. उजव्या अंगाला मूठ, ती उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची. दुसरी जुनी, परदेशी, लिव्हरची. तिच्या खटक्याखाली एक कडी. ती खाली ओढून वर मिटली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवी गोळी आत.

"हे सिनेमातलं खेळणं नको," मी म्हणालो.

"भाऊ, चालावनारा कोन शे?" आबांनी विचारलं.

"वडील. पण निवड माझी. मी एन.सी.सी. केलंय."

"ते बराबर शे. पन त्या कोनता खांद्यावर..."

"आबा, बठ्ठं, सगळं पाहून झालंय माझं!"

लिव्हर किती कुचकामी असते ते दाखवायला मी ती कडी झोकात खाली ओढली आणि त्याहून झोकात वर मिटली. आत माझं बोट होतं! मी जो ओरडलो, त्याने समोरच्या सायकलवाल्याने पाय टेकला. त्याच क्षणी माझा तांत्रिक निर्णय पक्का झाला. बोल्ट!

रायफल घरी आली. मी ती नानांच्या हातात समारंभाने दिली. नानांनी ती उचलली, आणि डाव्या खांद्याला लावली.

अर्थातच. उजवा डोळा होता कुठे?

बोल्टची मूठ आता नानांच्या नाकापलीकडे, पार उलट्या बाजूला. प्रत्येक गोळीमागे त्यांना रायफल खांद्यावरून उतरवावी लागणार, नाहीतर नाकावरून हात घालावा लागणार. त्यांनी हात घालून पाहिला. पहिल्यांदा चष्मा गेला, दुसऱ्यांदा नेम गेला, आणि त्यांच्या त्या इवल्याशा गोलात डबा पुन्हा सापडायला दोन मिनिटं लागली.

माय ओसरीवर कापूस निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "साऱ्या रायफली पाह्यल्या रे तू. बापाचा डोया तेवढा पाह्यला नाही."

मी पुन्हा धुळ्याला गेलो. आबांनी आधी माझ्या बोटासाठी चिंधी काढून ठेवली, मग लिव्हरची रायफल. कडी मधोमध, डाव्याला तशीच, उजव्याला तशीच. हेच ते तेव्हा विचारत होते.

मग परवान्यावर रायफल बदलून घेण्याचे कागद झाले, त्यात दोन महिने गेले. रायफल घरी आली त्याच आठवड्यात निवडणूक लागली! परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. ज्या रायफलीतून अजून एकही गोळी सुटली नव्हती, ती मी शांतता राखण्यासाठी पोत्यात गुंडाळून ठाण्यात नेऊन दिली.

"कधी भेटीन?" नाना विचारायचे.

"निकाल लागला की."

"कोनाचा?"

ते रोज सकाळी एकाच खुर्चीत बसून समोरच्या घड्याळावर डोळा तपासायचे. पावसाळ्यात त्यांना अख्खं घड्याळ दिसत होतं. प्रचार सुरू झाला तेव्हा म्हणाले, "आकडे गेले. काटे हायेत." मतदानाच्या दिवशी काट्यांची टोकंही गेली, मधला खिळा उरला.

"मग वेळ कशी कळते, नाना?"

"आपली वेय कयते ना."

माय उठून चुलीपाशी गेली. मी पेपर वाचत बसलो. तो उलटा होता.

रायफल सुटून आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की डबा पडलाच पाहिजे. नानांवर माझा भरवसा नव्हता. (भरवसा न ठेवण्याची अक्कल मला नेमकी चुकीच्या जागी सुचते.) मातीच्या बांधावर तुपाचा रिकामा डबा ठेवला, त्याच्या कडीला सुतळी बांधली आणि दुसरं टोक घेऊन मी बाजूला लांब पाटात आडवा झालो. बार झाला की ओढायचं!

वीस पावलांवर नाना बाजेवर बसले, शेजारी माय. त्यांनी रायफल डाव्या खांद्याला लावली. किती वेळ ती नळी इकडून तिकडे फिरत राहिली. मग थांबली. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटावर. बोट हललं. मी सुतळी ओढली. डबा धाडकन पडला!

बार झालाच नव्हता.

"अवं," नाना मायला म्हणाले, "मी तं रिकामा खटका दाबून पाह्यला. गोयी टाकेलच नाही अजून. भलता भित्रा डबा आनला यानं!"

आणि माय हसली. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी नंतर बराच वेळ थांबलं नाही.

"सुतयी सोड आन् बाहेर ये रे," नाना ओरडले.

"तुम्हाला सुतळी दिसली?"

"मले डबाच तेवढा दिसतं. त्याले बांधेल हाये, मंग दिसीन नाही?"

मी सुतळी सोडली, डबा उभा केला आणि चिखलाने माखलेला मुकाट त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पहिली गोळी बांधात. कडी खाली, कडी वर. गालावरून रायफल हललीसुद्धा नाही. दुसरीही बांधात. कडी खाली, कडी वर. तिसरीला टण्ण!

नानांनी डबा मागवला, बोटाने भोक शोधलं आणि त्याच्या कडेवरून करंगळी फिरवत बसले. मग रायफल माझ्याकडे दिली. "घे एन.सी.सी. तुहे तं दोनी डोये शाबूत हायेत."

मी पाच गोळ्या झाडल्या. चार बांधात गेल्या. पाचवी बाजूच्या केळीच्या घडात.

पुढची केळीची कापणी नानांनी पाहिली नाही, नुसती ऐकली. पण पाहुणा आला की ते डबा मागवायचे, भोक बरोबर शोधून त्याचं बोट तिथे टेकवायचे आणि सावकाश म्हणायचे, "हे माह्यं. आता आमच्या पोराची भोकं दाखोतो." मग डबा सगळीकडून चाचपत राहायचे. पाहुण्याचा चहा निवेपर्यंत!

परवा मी जळगावला डोळे तपासून आलो. डॉक्टर नवे, तरुण. पण आवाज त्यांनीही हलकाच केला. म्हणाले, "डोळ्यातला दाब वाढलाय. वडिलांना होता का काचबिंदू?"

मी म्हणालो, "होता. पण डॉक्टर, आधी एवढं सांगा, याने नेम सुधारतो का?"