विद्यावतीबाईंचा खेळ आणि नवी टेप

पणजे-आजे भारतातून उसाच्या कामाला आले त्या दूरच्या बेटावरच्या प्लेन मान्येनच्या विद्यावतीबाई दिवसा विमानतळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरत आणि संध्याकाळी गावच्या बैठकेत मुलांना मराठी शिकवत. बैठक म्हणजे संध्याकाळची शाळा. सभागृहाचा एक कोपरा, चार बाकं आणि एक फळा. एकाहत्तर साली त्यांनी ती सहा मुलांवर सुरू केली. पंच्याहत्तरच्या वादळात सभागृहाचे पत्रे उडाले, तेव्हा बाईंनी आठवड्याच्या आत फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवला आणि मुलांना घरोघरी जाऊन ओढून आणलं. पगार नव्हता, मानही बेताचाच. मुलं यायची ती आईबापांनी दटावलं म्हणून, आणि येऊन फुटबॉलच्या मैदानाकडे बघत बसायची. बाई चिडल्या की खडू फेकून मारायच्या, आणि मग तोच खडू स्वतः उचलून आणायच्या, कारण दुसरा नसायचा.

शहाऐंशीच्या सुरुवातीला गावच्या युवक मंडळाला एक संगणक मिळाला आणि तो त्याच सभागृहात, फळ्यापासून दहा पावलांवर ठेवला गेला. त्याच्याबरोबर एक कॅसेट टेप होती आणि टेपवर एक इंग्रजी खेळ. एक गुहा, गुहेत अंधाऱ्या खोल्या, शेवटी एक राक्षस. चित्रं नव्हती, नुसते शब्द. आपण शब्द टाइप करायचा, की दार उघडे किंवा उघडत नसे. आठवड्यात बैठकेची बाकं रिकामी झाली. विद्यावतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

संगणकाची देखभाल त्यांचा धाकटा दीर कृष्णदेव करी. तो विमानतळावर वायरमन होता. वहिनीची धुसफुस आठवडाभर ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "वैनी, ह्या खेळाचं पोट उघडं हाय. आतले शब्द पुसायचे आन् आपले लिहायचे. कोण नको म्हणतंय?"

बाईंना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी कृष्णदेवला एक शब्द बदलून दाखवायला लावला, आणि त्यानंतर कृष्णदेवचे शनिवार-रविवार संपले.

गुहेची उसातली पायवाट झाली. अंधाऱ्या खोलीचं जुन्या मळ्यावरच्या चाळीतलं स्वयंपाकघर झालं. राक्षसाच्या जागी हातात काठी घेतलेला सिरदार उभा राहिला, मजुरांवर ओरडणारा मुकादम. त्याला ओलांडायचं तर बरोबर मराठी शब्द टाइप करायला हवा, नाहीतर काठी.

शब्द होते भगवती आजीचे. भगवती आजी शहाऐंशी वर्षांची, रस्त्याच्या शेवटच्या घरातली. बेटावरची रोजची क्रेओल बोली न मिसळता जुन्या माणसांची मराठी बोलणारी गावात तीच एक उरली होती. तिच्याकडे असे शब्द होते की जे भारतातून आलेल्या कुठल्याच पुस्तकात बाईंना सापडले नव्हते, कारण त्या वस्तूच इथल्या, आणि त्यांना नावं ठेवली ती पणज्या-आज्यांनी इथल्याच उसात उभं राहून. बाई बारा-तेरा वर्षं ते शब्द टिपत होत्या. बसच्या तिकिटाच्या पाठीवर, कॅलेंडरच्या कपट्यावर, जे हाताला लागेल त्यावर. बिस्किटांच्या डब्यात दोनशेच्या वर चिठ्ठ्या साठल्या होत्या.

बाई चिठ्ठी वाचत, एकेक अक्षर सांगत, आणि कृष्णदेव दोन बोटांनी ते रोमन लिपीत दाबी. मे महिन्यापर्यंत खेळ तयार झाला, आणि सभागृहात आजीचे शब्द मोठमोठ्यानं ओरडले जाऊ लागले. पोरं त्यावरून भांडत, एकमेकांचे कान धरत. एकदा आजीला खुर्चीत बसवून आणलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "माजी आय बोलायची तशी बोलत्यात ही पोरं." बाईंना त्या दिवशी जो आनंद झाला तसा आयुष्यात झाला नव्हता. जुलैत आजी गेली.

सप्टेंबरात गणपती आले. घराची साफसफाई करताना तो डबा निघाला. आत झुरळांनी धिंगाणा घातलेला, निम्म्या चिठ्ठ्या कुरतडलेल्या. अक्षर म्हणजे सरस्वती. ते केरात टाकायचं नाही, जाळायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. फाटकी पुस्तकं, जुनी पंचांगं यांचं गाठोडं विसर्जनाच्या दिवशी गणपतीबरोबर पाण्याला द्यायचं, हा तिथल्या मराठी घरांचा रिवाज. शब्द तर सगळे यंत्रात गेलेच आहेत, मग ही कुरतडलेली कागदं कशाला, असं म्हणून बाईंनी चिठ्ठ्या तांबड्या फडक्यात बांधल्या आणि माहेबूरच्या समुद्रात सोडून हात जोडले. आज हसायचं त्यांनी हसावं. कोणत्याही शहाण्या बाईनं तेच केलं असतं.

नोव्हेंबरात पोर्ट लुईच्या कुठल्याशा कचेरीतला एक साहेब बॅग घेऊन आला. गावोगावच्या मंडळांना खेळाची नवी आवृत्ती द्यायची होती. रंग येणार, आवाज येणार, चुका जाणार. कृष्णदेव कामावर होता. साहेबानं टेप मागितली. बाईंनी स्वतः कपाट उघडलं, टेप पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीसुद्धा नाही. गणपतीत नाचून गाणाऱ्या झाकरीच्या मंडळाची वही त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. कोणी नवं कडवं आणलं की ते जुन्यांच्या खाली लिहायचं. जुनं कोणी खोडत नाही. नवं येतं म्हणजे भर पडते, एवढं साधं. त्यांनी साहेबाला चहा दिला, बरोबर दोन बिस्किटं. टेपवरचं काम आटोपून साहेब दहा मिनिटांत उठला. "पा त्राकासे, मादाम," तो हसून म्हणाला, काळजी करू नका, आता सगळं झकास चालेल.

संध्याकाळी दहा वर्षांची बसंती यंत्रापुढे बसली. पडद्यावर गुहा आली, हिरवा राक्षस आला, भोंगा वाजला. तिनं सिरदाराचा शब्द टाइप केला. हा शब्द मला माहीत नाही, असं यंत्र इंग्रजीत म्हणालं. तिनं चारदा टाइप केला. चारदा तेच.

"मिस," ती बाईंकडे वळून म्हणाली, "ह्याला मराठी येत न्हाय आता."

बाईंनी तिला पाचव्यांदा टाइप करायला लावलं. मग यंत्र बंद करून पुन्हा लावलं. कृष्णदेव आल्यावर त्याला दारातच गाठलं.

"नवं आलं, ठीक हाय. आपलं कुठं गेलं?"

"त्याच्यावरच नवं भरलं, वैनी."

"म्हंजे खाली हाय."

"खाली काय न्हाय."

"अरे, होतं ना? मग गेलं कुठं?"

कृष्णदेवनं टेप काढून उजेडात धरली. तपकिरी फीत, पूर्वीइतकीच. "मो पा कोने," तो म्हणाला. खरंच, त्याला तरी काय ठाऊक? दुसऱ्या टेपवर नक्कल काढायचं तो जूनपासून 'करू, करू' म्हणत होता. आता वहिनीच्या नजरेला नजर देईना.

शनिवारी बाई बसनं पोर्ट लुईला गेल्या. भांडायच्या तयारीनं गेल्या होत्या, पण साहेबानं खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. "तुमचं आम्ही काहीच काढलं नाही, मादाम," तो म्हणाला. "आमच्या यादीत तुमचे शब्द नव्हतेच." बाईंना यात चूक कुठे आहे ते दाखवता येईना. नसलेलं काढलं नाही, हे खरंच होतं. पण मग पोरं सहा महिने काय ओरडत होती? परतीच्या बसमध्ये त्या स्वतःचं उतरायचं ठिकाण चुकल्या.

मग त्यांनी नवी वही केली. स्वतःला आठवलं ते लिहिलं, मुलांना विचारलं. सगळे मिळून एकसष्ट शब्द झाले. सिरदाराला हटवणारे, दारं उघडणारे शब्द पोरांना तोंडपाठ होते. ज्यांनी खेळात काहीच मिळत नव्हतं, ते कोणालाच आठवेनात. बाई पोरांवर ओरडल्या, मग शरमल्या. तेरा वर्षं लिहून त्यांना स्वतःला तरी कुठे आठवत होते? कागदावर आहेत म्हणून डोक्यात ठेवले नाहीत, यंत्रात आहेत म्हणून कागदावर ठेवले नाहीत.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाऊस पडून गेला होता. बाई आणि कृष्णदेव उसाच्या कडेनं कामावर निघाले होते. एका पानाच्या बेचक्यात पाणी साठलं होतं. उसात राबणाऱ्या बाया पान वाकवून ते पाणी पीत, आणि त्या पाण्याला भगवती आजीनं एक शब्द सांगितला होता. बाई थांबल्या. त्यांनी पान वाकवलं, पाणी तळव्यावर घेतलं.

"आजी ह्याला काय म्हणायची?"

कृष्णदेव विचार करू लागला.

"तूच टाइप केलास," बाई म्हणाल्या. "मला आठवतंय. रविवार होता."

"वैनी," तो हळूच म्हणाला, "तुमी एकेक अक्षर सांगायच्या. मी अक्षरं दाबली. शब्द वाचलाच न्हाय कधी."

बोटांमधून पाणी गळून गेलं. कामाला उशीर होत होता. बाई तिथेच उभ्या राहून ओठांतल्या ओठांत एकेक अक्षर घेऊ लागल्या. अ घेतला, आ घेतला, मग क घेतला, ख घेतला, कुठल्यातरी अक्षराशी तो शब्द अडकलेला सापडेल म्हणून प्रत्येकाशी थोडं थांबल्या. ज्ञपर्यंत आल्या. काही सापडलं नाही. मग त्यांनी पुन्हा अपासून सुरुवात केली.