डोकं एकदम ओके

मांजर्लीच्या नाक्यावर धर्मेशकाकांनी बॅनर टांगला, तेव्हा शलाकाचं डोकं खरोखर फिरलं.

शलाका विमान उडवते. महिन्यापूर्वी तिची झोप उडाली आणि विमान उतरवताना हात थरथरायला लागले. तशी ती आपल्या पायांनी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, "मला आता उडवायला देऊ नका." त्यांनी विश्रांती दिली, समुपदेशकाकडे पाठवलं, तपासलं आणि पास केलं. उद्या तिचं पहिलं उड्डाण.

पण नाका गप्प बसतोय होय?

"पोरगी येडी झाली रे."

"एवढं इंग्लिश बोलते ती?"

"म्हणूनच ना!"

या तोंडांना कुलूप घालायला सख्ख्या काकांनी बॅनर छापला. शलाका गणवेशात. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे काळ्या गॉगलमध्ये, अगदी चार महिन्यांचं बाळसुद्धा. आणि मधोमध भगव्या अक्षरांत: 'आमची शलाका ठणठणीत! डोकं एकदम ओके!'

"काका, उतरवा हे!"

"मी काय वाईट केला गो? लोकांची तोंडं बंद केली!"

"ज्याला ठाऊक नव्हतं, त्यालाही कळवलंत! थकले होते, थांबले. यात ठणठणीत काय आणि बिघडलं काय?"

रिक्षास्टँडवर हशा पिकला. रिक्षावाला कैलास हँडलवर थाप मारून ओरडला, "मॅडम, ड्रायव्हर घाबरला तर पॅसेंजरचं काय?"

शलाका सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काल किती झोपलास?"

"आपण? डबल शिफ्ट! झोपतो कोण? चौकात सिग्नलला डुलकी काढतो." तो छाती फुगवून हसला.

"त्या डुलकीत तुझ्या मागे कोण बसलेलं असतं रे? शाळेची पोरं ना? मी थांबले तर येडी, आणि तू झोपेत पोरं नेतोस तर शेर? मग माझा कशाला, तुझाच बॅनर लावा ना! गॉगलही तुलाच घाला, डोळे मिटलेले दिसणार नाहीत!"

कोंडाजी, स्टँडवरचे सगळ्यात म्हातारे रिक्षावाले, उगाच काच पुसू लागले.

काकांनी शिडी मागवली. वर चढता चढता पुटपुटत होते, "फोटो तरी झकास आला होता..."

तेवढ्यात एक बाई आल्या. "बेलवलीला येणार?"

कैलासने चावी फिरवली. मग परत काढली.

"कोंडाजीकाका, तुम्ही न्या यांना," तो म्हणाला, आणि मागच्या सीटवर पाय दुमडून आडवा झाला.