मामांनी घासलेलं भांडं

या भूतलावर भांडं घासता येणारा माणूस एकच जन्माला आला आणि तो पिंगळीला राहतो, असं आमच्या मामांचं प्रामाणिक मत आहे. बाकीचे सगळे, म्हणजे मी, माझी आई, परभणीतली झाडून सगळी हॉटेलं आणि त्यांची पुण्याची सून, नुसती भांडी ओली करतात. पंगतीला बसले की मामा ताट आधी नाकाशी नेत, मग उजेडात तिरपं धरत, मग धोतराच्या सोग्यानं पुसत आणि त्यानंतरच वाढप्याला पुढं येऊ देत. माझ्या लग्नात तर त्यांनी खुद्द माझ्या सासऱ्यांच्या हातातला पेला काढून घेतला. "पाव्हणं, थांबा, ह्याला कड हाय," म्हणाले आणि मांडवामागच्या हौदावर जाऊन तो घासून घेऊन आले. राख कुठून आणली म्हणाल, तर राख त्यांच्या खिशातच असायची. बाभळीच्या लाकडाची, वस्त्रगाळ, औषधाच्या जुन्या डबीत. सासरी मला अजून 'राखेवाल्यांची भाची' म्हणतात. वीस वर्षं झाली, मेले विसरत नाहीत.

बाप्या माणूस मोरीत बसून भांडी घासतो म्हटल्यावर गाव हसणारच. मामांनी गावाला कधी भीक घातली नाही. "तुमी तेलकट ताटात जेवता आन मला हासता?" एवढंच त्यांचं उत्तर. खरी गोष्ट अशी की लग्न झालं त्या वर्षी मामीच्या हातांना इसब झाला. बोटं चिरली, पाणी लागलं की रक्त यायचं. तेव्हा मामा म्हणाले, आठ दिवस मी घासतो. त्या आठ दिवसांसाठी बसलेला माणूस चाळीस वर्षं मोरीतून उठला नाही. इसब कधीच बरा झाला होता, पण मामी तो बरा झाल्याचं बोलली नाही आणि यांनी विचारलं नाही. घरात गॅस आला तशी राख बंद झाली, तर मामा कुणाच्या घरी अजून चूल पेटते ते हुडकत गावभर डबा घेऊन फिरायचे. घासून झालं की प्रत्येक भांडं मामीसमोर धरायचं आणि म्हणायचं, "बघ. आरसा हाय आरसा." मामी मान हलवायची आणि भांडं पालथं घालायची.

आता एक गोष्ट सांगते, जी मी मामी असेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. दहाएक वर्षांमागे मी उन्हाळ्यात पिंगळीला गेले होते. दुपारी मामा ओसरीवर बाजेवर घोरत होते आणि मोरीत पाणी वाजत होतं. जाऊन बघते तर मामी मामांनी घासलेलं एकेक भांडं परत घासत होती. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "मला समदं दिसतंय. तुमालाच घाण दिसत न्हाई." आणि इकडे ताटांवर तेलाचे ओघळ, पातेल्याच्या काठाला वरण. मामी हातानं घासत होती आणि तोंडानं पुटपुटत होती, "डोळे हायत का बटनं! आरसा म्हनं आरसा. ह्यात तोंड बघितलं तर डाळ दिसायलीय." मी हसले तशी तिनं ओल्या हातानं माझं तोंड दाबलं. "गप बस. ह्यांला वाटतंय आपल्यावानी कुनी न्हाई घासत. वाटू दे."

गेल्या वर्षी मामी गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मामा एका ताटासाठी, एका तांब्यासाठी मोरीत बसू लागले. दिवाळीच्या आधी तिथंच पाय सटकला आणि मनगट मोडलं. मामेभाऊ पुण्याहून आला तो कुलूप घेऊनच. त्याचं एकच म्हणणं, आबांनी, म्हणजे मामांनी, पुण्याला चलावं, घर बंद करावं. मामा पुण्याला पूर्वी एकदा पंधरा दिवस राहून आले होते. तिथं मोरी नाही, उभ्यानं घासावं लागतं, वर सुनेनं हातमोजे दिले. "उभ्यानं भांडी घासायची म्हंजे आपन घोडा हाव का काय?" असं तेव्हा ते मला तावातावानं सांगत होते. या वेळी मात्र ते तावातावानं बोलले नाहीत. मुलाचे हात धरून म्हणाले, "मला हितंच राहू दे, बाबा." माझ्या मामांना कुणाचे हात धरताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते बघवलं नाही.

मग तोड निघाली ती मशीनची. भांडी धुवायचं मशीन पिंगळीत आलं तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं होतं. अट अशी ठरली, की मामांनी मोरीत बसायचं नाही, भांडी मशीनमध्येच लावायची. मशीन कधी चाललं ते पुण्यात मुलाला मोबाइलवर कळतं. एक दिवस जरी ते बंद दिसलं, तर तो गाडी घेऊन येणार आणि घराला कुलूप लागणार. मामांनी पहिल्याच दिवशी साबणाच्या खान्यात राख भरली. परभणीहून मिस्त्री आला, त्यानं ती राख चमच्यानं उकरून काढली आणि हात जोडले. शिवाय मामीचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं त्यातून काळं ठिक्कर पडून निघालं. ते पातेलं घेऊन मामा महिनाभर ज्याला त्याला दाखवत होते, जणू खुनाचा पुरावाच सापडला होता.

आणि मग एकाएकी ते शहाण्यासारखे वागू लागले. मशीन रोज चालू लागलं. नुसतं रोज नाही, दिवसातून तीन-तीनदा. मामेभावाचा मला फोन आला. "ताई, एकटा माणूस तीनदा मशीन कशासाठी लावील? आबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? तू बघून ये. तू म्हणशील तर मी रविवारीच त्यांना घेऊन जातो." म्हणजे फास माझ्या हातात आला. मी चरफडत स्कूटी काढली आणि वैशाखाच्या उन्हात पिंगळीला गेले.

मामांनी पिठलं केलं होतं. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला वाकले तसे ओरडले, "ठिव खाली! भाचीनं उष्टं काढल्यावर मला नरकातबी जागा भेटायची न्हाई." ही आमच्याकडची रीत. मामाच्या घरी भाचीनं खरकट्याला हात लावायचा नाही, उलट मामानंच तिच्या पाया पडायचं. मग ते चक्क मोरीत पाटावर बसले आणि राखेनं भांडी घासली. "घे, बघ. आरसा हाय." ताटाच्या काठाला पिठल्याची पिवळी कड तशीच होती. मी मान हलवली. त्यांनी भिंत धरत धरत उठून ती भांडी मशीनमध्ये चाचपून लावली. बटण दिसावं म्हणून त्याला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. ते दाबलं, दोघांपुरता चहा केला आणि मशीनला लावून ठेवलेल्या बाजेवर आडवे झाले. मी म्हटलं, असं आहे होय. मुलाच्या डोळ्यांत धूळ.

"एकदा लावलं तरी कळतंय की त्याला," मी चहा पिता पिता म्हणाले. "तीनदा कशाला?"

मामांनी मशीनकडे कान लावला. मशीनमध्ये पाणी खळखळत होतं.

"तुजी मामी माजी भांडी परत घासायची. तुला म्हाईत होतं न्हवं?"

मला ठसका लागला. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे गेले माय, कान न्हाई गेले. मी झोपलो की नळ सुटायचा आन तिची टकळी चालू व्हायची. रोज नवी शिवी. सबंध दिवसात आमी बोलायचो तरी काय? जेवायला या, पानी ठिवलंय, येतो, जातो. मनातलं ती तेवढंच बोलायची. मी डोळे मिटून ऐकत पडायचो."

"मग ऑपरेशन करून घ्यायचं होतं ना!"

"आन मंग तिनं शिव्या कुनाला दिल्या असत्या?"

त्यांनी मशीनच्या दारावर हात ठेवला. "हे बी तसंच करतंय. मी झोपलो की परत घासतंय. आवाज बी हाय. म्हून लावतो दोनदा, तीनदा. पन शिवी देत न्हाई बघ."

तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. मी ओसरीच्या टोकाला गेले आणि आयुष्यात बोलले नाही इतकं सराईत खोटं बोलले. इकडचं पाणी जड आहे, पिठलं एका फेरीत निघत नाही, दोन-तीनदा लावावंच लागतं, आबा मोरीकडे फिरकतसुद्धा नाहीत आणि डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा बरं आहे. तो म्हणाला, "बरं ताई, मग राहू दे त्यांना तिकडंच." मी फोन ठेवला. उद्या हा माणूस पुन्हा पडला, तर त्याला जबाबदार मी.

परत आले तर मामा डोळे मिटून पडले होते. चहाचे दोन कप तिथंच होते. मी ते उचलून मोरीत नेले आणि नळ सोडला. मामा आता ओरडतील म्हणून मी थांबले. ते ओरडले नाहीत.

"डोळे हायत का बटनं!" मी मोठ्यानं म्हणाले. "कपाला साय तशीच वाळलीय. आरसा म्हनं आरसा!"

मी मुद्दाम कप आपटला. बाजेवर मामांनी डोळे न उघडताच कूस माझ्याकडे वळवली. मशीनचं काम संपलं आणि ते टिंगटिंग वाजलं, तरी मामा उठले नाहीत. मी दुसरा कप घेतला आणि पहिल्यापेक्षा जोरात बोलू लागले.