काकांची गाडीपरीक्षा

भोरमध्ये जुनी गाडी घ्यायची, तर आमच्या गल्लीतल्या काकांना दाखवल्याशिवाय कुणी घेत नाही. त्यांची स्वतःची गाडी नाही. पण बैल पारखावा तसे ते गाडीभोवती फिरतात, पाठीवर थाप मारावी तशी टपावर मारतात आणि म्हणतात, "जरा पळवून बगू."

सारोळ्याला हायवेलगत एक वापरलेली सेडान माझ्या मनात भरली होती. इंजिन असं तगडं, की नुसत्या आवाजानं अंगावर काटा यावा. काका म्हणाले, "हायवेला समद्याच पळत्यात. पासलीच्या रस्त्याला घ्या, मंग कळंल."

पासलीला त्यांची बहीण राहते. तिथं डिकीत तांदळाची पोती चढली आणि मागच्या सीटवर कोंबडा घेऊन बहीण बसली. मग काय, प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासत होतं. जरा वेग घेतला, की मागून, "हळू रं बाबा, मळमळतंय!" भोरपर्यंत तिसरा गिअर पडलाच नाही.

पोती आपल्या घरात उतरवून झाल्यावर काकांनी निकाल दिला, "लई नाव ऐकलं व्हतं, पर गाडीत दम न्हाई."

मलाही तसंच वाटलं. मी सारोळ्याला जाऊन मालकाला किल्ली परत दिली.

रविवारी काका पुन्हा दारात. "नसरापूरला एक झ्याक गाडी आलीया. चला, पळवून बगू."

"कुठल्या रस्त्याला?"

"पासलीच्याच. बहिणीला बी माघारी सोडायचीय."