भाकरीवरची बुरशी

आज प्रयोगशाळेत एका पेट्री डिशचं झाकण उघडलं आणि ओल्या गोणपाटासारखा वास नाकात शिरला. आत हिरवट बुरशी. सांगलीत इतकी वर्षं मी हेच काम करते, वहीत 'पेनिसिलियम' लिहिताना कधी अडत नाही. आज हात अडला.

मी नववीत होते. मेंढरांमागं फिरताना वडूजजवळच्या माळावर आमचं पाल पडलं होतं. बुरशीपासून पेनिसिलिन मिळतं, त्यानं चिघळलेल्या जखमा बऱ्या होतात, हे मी वडिलांना, आबांना, पुस्तकातून मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. ते औषध बुरशीतून शुद्ध करून काढावं लागतं, हे पुढच्या पानावर होतं. तिथवर जायचा मला कंटाळा आला.

आठवडाभरानं मेंढरांसाठी बाभळ तोडताना आबांच्या पायावर कुऱ्हाड बसली. मी शाळेतून आले, तर ते पालापुढं पाय पसरून बसलेले.

"आबा, दवाखान्यात जाऊया की."

"कशाला गं? तुझंच औषिद बांधलंय," म्हणत त्यांनी फडकं सोडलं. जखमेवर शिळ्या भाकरीचा हिरवा तुकडा होता. "माझी लेक शिकल्याली हाय. डाक्टर काय येगळं देणार?"

पंधरा दिवसांत आबा धनुर्वातानं गेले.

फडकं सोडलं त्या संध्याकाळी मात्र मला माझंच कौतुक वाटलं होतं. तो तुकडा मी नीट बसवला आणि फडक्याची गाठ माझ्या हातानं घट्ट मारली.