ऐन भरातला

आमच्या ह्यांनी आयुष्यात कोणाला साधी चापट मारलेली नाही. पण हेवीवेट बॉक्सिंगवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला जीव नकोसा होतो. हे आणि माझे थोरले दीर, दोघांचं मिळून केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या आरशात एकमेकांकडे बघत चाललेला एकच वाद: कोणता बॉक्सर भरात असताना कोणाला लोळवू शकला असता.

ह्या 'भर' शब्दाने माझं डोकं उठवलंय. थोरल्यांचा लाडका हरला, की "तेव्हा त्याचा भर ओसरला होता." ह्यांचा हरला, की "तो अजून भरात आलाच नव्हता." मग खरा हरतो तरी कोण, देव जाणे. एकदा ठोसा कसा बसला ते दाखवताना ह्यांनी गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. गिऱ्हाईक ओरडायचं सोडून म्हणालं, "पण तो ठोसा डाव्या हाताचा होता." सगळे एकाच माळेचे मणी.

पुढच्या महिन्यात थोरल्यांचा म्हातारा चॅम्पियन एका उंच, तरण्या पोराशी लढणार आहे. झालं, ह्यांना निमित्तच मिळालं. भरल्या दुकानात वस्तरा परजत ह्यांनी निकाल देऊन टाकला, "तुझा चॅम्पियन संपला, दादा. हात गेला त्याचा. हात गेलेल्याने मान राखून घरी बसावं."

थोरल्यांनी हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडलं, वस्तरा पुसून ठेवला आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाही.

"बॉक्सरवरून एवढं रुसायचं?" हे मला विचारतात. मी कपाळावर हात मारून घेतला. थोरल्यांचा हात थरथरायला लागलाय, दाढीची गिऱ्हाइकं मुकाट ह्यांच्या खुर्चीकडे सरकतात, हे जावेला ठाऊक, मला ठाऊक, शेजारच्या शिंप्यालाही ठाऊक. खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या सख्ख्या भावाला मात्र पत्ता नाही.

"अहो, ते त्या म्हाताऱ्यासाठी नाही रुसलेत," मी म्हटलं. "तुम्ही त्यांनाच घरी बसवलंत."

ह्यांचा चेहरा असा उतरला, की मलाच वाईट वाटलं. मग उठले ते थेट भावाच्या घरी. मी मागोमाग गेले, कारण ह्यांच्या जिभेचा भरवसा नाही.

ह्यांनी माफीबिफी काही मागितली नाही. थोरल्यांसमोर खुर्ची ओढली, मान मागे टाकली.

"दादा, दाढी वाढलीय. कर."

"तुझी तू कर की."

"मला स्वतःची नीट जमत नाही." धडधडीत खोटं.

जावेने पाणी आणलं. फेस लावून होईपर्यंत सगळं ठीक होतं. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा मात्र मी देवाचं नाव घेतलं. एक बाजू जेमतेम झाली आणि हनुवटीखाली रक्त आलं. थोरल्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"तुझंच बरोबर होतं," ते म्हणाले. "हात गेला."

दादाच्या तोंडून 'तुझंच बरोबर' ऐकायला हा माणूस जन्मभर तडफडलाय. आज ऐकलं, तर खवळलाच.

"मला काय कळतंय बॉक्सिंगमधलं?" हे म्हणाले. "दुसरी बाजू राहिलीय, ती कर."